घरचा पोपट आणि रानातला पोपट यांची जोडी लावण्यातले धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की पोपटांचे थवे ढोल्यांसाठी भांडायला लागतात आणि गॅलरीतल्या पिंजऱ्यातला पोपटही दिवसभर शिट्ट्या घालतो. ‘बिचारा एकटाच आहे, बाहेरची एखादी मादी मिळाली तर बरं होईल’ हा विचार याच दिवसांत घरोघरी येतो. त्यामागची माया खरी असते. पण त्या मायेपोटी केलेली जोडी घरच्या पक्ष्याच्या जिवावर बेतते आणि बाहेरच्या थव्यालाही भोवते.

या पानावर ‘साधा पोपट’ म्हणजे आपल्याकडचा, नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट, म्हणजे कीर. ‘पहाडी’ म्हणजे खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट.

पाळलेल्या पोपटाची रानातल्या पोपटाशी जोडी लागू तरी शकते का?

जात एकच असेल तर लागू शकते. पिंजऱ्याच्या गजांमधून मीलन होत नाही, त्यामुळे बाहेरचा नर नुसता पिंजऱ्यावर येऊन बसला म्हणून आतल्या मादीला पिल्लं होणार नाहीत. प्रत्यक्षात हे तीन प्रकारे घडतं. घरात मोकळा फिरणारा माणसाळलेला पोपट गच्चीवर सोडला जातो. पिंजरा उघडा राहतो आणि पक्षी उडून थव्यात मिसळतो. किंवा कोणीतरी मुद्दाम बाहेरचा पक्षी पकडून पिंजऱ्यात घालतं. तिसरा प्रकार सर्वांत वाईट आहे आणि तो सरळसरळ गुन्हाही आहे.

बजी, लव्हबर्ड, कॉकटिल यांचा आपल्या पोपटाशी संकर होईल का?

नाही. बजी आणि कॉकटिल मूळचे ऑस्ट्रेलियातले, लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्या पोपटांशी त्यांचं नातं इतकं दूरचं आहे की पिल्लं होत नाहीत. मात्र पिल्लं होत नसली तरी आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातातच, आणि आजाराला जातीचं बंधन फारसं नसतं. शिवाय साध्या पोपटाची चोच बजीचा पाय एका चाव्यात तोडू शकते, तेव्हा हे दोघं एका पिंजऱ्यात कधीच ठेवू नका.

पहाडी आणि साधा पोपट यांचा संकर होतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. दोघंही जवळच्या नात्यातले आहेत. पिंजऱ्यात एकत्र ठेवल्यावर त्यांना संकर पिल्लं झाल्याची उदाहरणं आहेत. युरोपातल्या ज्या शहरांत पिंजऱ्यातून सुटलेल्या दोन्ही जातींच्या पोपटांनी बस्तान बसवलं आहे, तिथे मोकळ्या थव्यांतही असे संकर दिसतात. आपल्याकडे रानात दोन्ही जाती शेजारी राहूनही आपापल्या जातीतच जोडी जमवतात. आकार, आवाज, प्रणयाची पद्धत आणि ढोलीची निवड यांतला फरक त्यांना वेगळं ठेवतो. साधा पोपट शेपटीसकट साधारण ४० सेंटिमीटर भरतो आणि वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पहाडी ५५ सेंटिमीटरच्या वर जातो आणि वजनाला जवळपास दुप्पट.

माणसाने वाढवलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हे कुंपण मोडतं. डोळे उघडण्याआधी ढोलीतून काढलेल्या पिल्लाला आपली जात कोणती हेच कळलेलं नसतं. असा पक्षी समोर येईल त्याच्याशी जोडी जमवायला बघतो, मग तो माणसाचा हात असो, आरसा असो की दुसऱ्या जातीचा पोपट.

संकर पिल्लू ओळखणं अवघड असतं. खांद्यावरचा लाल डाग फिकट किंवा अर्धवट असतो, चोच साध्या पोपटापेक्षा जाड पण पहाडीपेक्षा लहान, आवाज मधलाच. अशी पिल्लं पुढे प्रजननक्षम असू शकतात, म्हणजे प्रकार एका पिढीत थांबत नाही. पहाडी पोपट जगाच्या धोक्याच्या यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे, मुख्यतः पिल्लांच्या चोरट्या व्यापारामुळे आणि मोठी ढोलीची झाडं गेल्यामुळे. ज्या जातीची संख्या आधीच घटत चालली आहे, तिच्यातली एक मादी संकर पिल्लं वाढवण्यात हंगाम घालवते तेव्हा त्या जातीचा तो हंगाम वाया जातो.

दोघंही साधेच पोपट असतील तर काय हरकत आहे? जात तर एकच!

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडं लांब आहे.

साध्या पोपटाच्या चार उपजाती आहेत, दोन आफ्रिकेत आणि दोन आशियात. आपल्याकडे उत्तर भारतातली एक आणि दक्षिणेकडची एक, आणि या दोघींची सीमारेषा साधारण २० अंश अक्षांशाच्या आसपास धरतात. म्हणजे ती महाराष्ट्रातूनच जाते. पिंजऱ्यातला पोपट कुठल्या ढोलीतून आला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शेकडो मैलांवरून आलेल्या पक्ष्याची पिल्लं इथल्या थव्यात मिसळली की पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवामानाशी जुळलेला वाण विस्कटतो. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

दुसरी गोष्ट संगोपनाची. रानातली पिल्लं सुमारे सात आठवडे ढोलीत राहतात आणि उडायला लागल्यावरही आईबापांच्या मागे फिरून शिकतात: शिक्रा दिसला की कसं चिडीचूप व्हायचं, कोणतं झाड कधी फळतं, रात्री कुठे मुक्कामाला जायचं. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला हे काहीच येत नसतं. तो जोडीदार म्हणून निम्मं काम करतो. मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली असते तेव्हा तिला खाऊ घालण्याची जबाबदारी नरावर असते. ज्याला आयुष्यभर वाटीत डाळ मिळाली, त्याला बाहेर चारा गोळा करता येत नाही. मग मादी उपाशी राहते किंवा अंडी सोडून उठते.

तिसरी गोष्ट आजारांची, आणि तीच सर्वांत मोठी.

घरचा पोपट ठणठणीत आहे. मग आजार कसला पसरणार?

पोपट आजार लपवण्यात पटाईत असतो, कारण थव्यात जो मरगळलेला दिसतो त्याच्यावर शिकारी पक्षी आधी झडप घालतो. त्यामुळे ठणठणीत दिसणारा पक्षी वर्षानुवर्षं जंतू बाळगून असू शकतो. पुढचे आजार ध्यानात ठेवा.

*चोच आणि पिसांचा आजार (पीबीएफडी).* सर्कोव्हायरसमुळे होतो. नवी पिसं वेडीवाकडी, मुळाशी चिमटलेली येतात, गळतात, चोच ठिसूळ होते, प्रतिकारशक्ती ढासळते. पिल्लं तर काही दिवसांत दगावतात. यावर औषध नाही. विष्ठेतून, पिसांच्या भुकटीतून आणि पिल्लाला भरवलेल्या अन्नातून तो पसरतो. हा विषाणू फार चिवट आहे, लाकडी पेटीत किंवा ढोलीच्या तळाशी महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणजे एका आजारी जोडीने वापरलेली ढोली पुढच्या हंगामातल्या जोडीलाही बाधते.

*सिटॅकोसिस.* क्लॅमिडिया जातीच्या जिवाणूमुळे होतो. पक्षी वरून बरा दिसतो, पण जागा बदलली, जोडी लावली, उपासमार झाली की ताणाखाली विष्ठेतून जंतू टाकू लागतो. जोडी लावणं हाच मुळात मोठा ताण आहे.

*पाचेको आजार.* हर्पीस गटातला विषाणू. काही वेळा पहिलं लक्षण म्हणजे सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला मेलेला पक्षी.

याशिवाय पॉलिओमा, बोर्ना, राणीखेत हे विषाणूंचे आजार आहेतच. रानातून पिंजऱ्यात उलटी वाहतूकही होते: पिसांतल्या उवा, माइट म्हणजे बारीक किडे, पोटातले जंत, ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. रानातला निरोगी पक्षी थोडे जंत पोटात घेऊन नीट जगतो. तेच जंत पिंजऱ्यात, जिथे विष्ठा आणि खाण्याची वाटी यांत वीतभराचं अंतर असतं, तिथे झपाट्याने वाढतात.

याचा रानातल्या पक्ष्यांना खरोखर फटका बसल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि त्यात आपलाच साधा पोपट गुंतलेला आहे. मॉरिशस बेटावर इको नावाचा स्थानिक पोपट आहे. १९८० च्या दशकात त्याचे जेमतेम डझन-दोन डझन पक्षी उरले होते. ढोल्यांची डागडुजी, पूरक खाद्य, पिल्लांना हाताने वाढवून परत सोडणं अशा चिकाटीच्या कामाने ती संख्या शेकड्यांत गेली. मग २००५ च्या सुमाराला या पोपटांत चोच-पिसांच्या आजाराची साथ आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर पाळीव म्हणून आणलेले आणि पुढे मोकाट झालेले साधे पोपट तिथे थव्यांनी राहत होते, आणि विषाणू त्यांच्याकडून आला असावा असं अभ्यासकांचं मत आहे. पिल्लं नागडी, पिसांविना ढोलीत मरू लागली. इको पोपट त्यातून सावरला, पण पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्याची किंमत शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या जातीला मोजावी लागते ती अशी.

मग संशोधक पाळलेले पोपट रानात सोडतात ते कसं चालतं?

ब्राझीलमधला स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाचं उदाहरण घ्या. १९९० मध्ये त्याचा एकच नर निसर्गात उरला होता, आणि त्याने दुसऱ्याच जातीच्या मकाव मादीशी जोडी जमवली होती. १९९५ मध्ये त्याच्यासाठी पिंजऱ्यातली स्वजातीय मादी सोडली. ती काही आठवड्यांतच नाहीशी झाली. २००० नंतर तो नरही दिसला नाही. दोन दशकांच्या तयारीनंतर, तपासण्या करून, उडण्याचा सराव देऊन, रानात जगायला आधीच शिकलेल्या दुसऱ्या जातीच्या मकावांच्या संगतीने २०२२ मध्ये पुन्हा पक्षी सोडले. तरीही २०२५ मध्ये त्यांच्यात सर्कोव्हायरस आढळलाच. एवढी साधनं, प्रयोगशाळा आणि पशुवैद्य हाताशी असताना हे घडतं. गॅलरीतल्या पिंजऱ्याचं दार उघडताना यातलं काहीच आपल्याजवळ नसतं.

निळा किंवा पिवळा पोपट रानातल्या हिरव्याशी जुळला तर पिल्लं कोणत्या रंगाची होतील?

हा प्रश्न बहुतेक वेळा हौसेने विचारला जातो, म्हणून नीट सांगतो. निळा रंग सुप्त गुण आहे. निळा आणि शुद्ध हिरवा यांची सगळी पिल्लं हिरवीच होतात, पण प्रत्येक जण निळ्याचा गुण पोटात घेऊन फिरतो. पुढे असे दोन वाहक एकत्र आले की चारातलं एक पिल्लू निळं निघू शकतं. लाल डोळ्यांचा पिवळा, म्हणजे लुटिनो, याचा गुण लिंगाशी जोडलेला असतो. पिवळा नर आणि हिरवी मादी यांच्या सगळ्या मुली पिवळ्या निघतात, आणि सगळी नर पिल्लं हिरवी पण वाहक.

आता त्या पिवळ्या पिल्लाचं काय होतं ते बघा. हिरव्यागार पिंपळात तीस-चाळीस पोपट बसलेत आणि पानाआड एकही दिसत नाही. त्यात एक पिवळा ठिपका लखलखतोय. शिक्रा तिकडेच झेपावणार. लाल डोळ्यांना भर उन्हात नीट दिसतही नाही. शिवाय रंग टिकवण्यासाठी पाळणारे अनेकदा भावंडांचीच जोडी लावतात, त्यामुळे रंगाबरोबर नात्यातल्या जोड्यांचे दोषही थव्यात शिरतात.

रानातला पोपट पकडून पिंजऱ्यात घातला तर काही दिवसांत रुळणार नाही का?

मोठा, रानात वाढलेला पोपट सहसा रुळत नाही. तो गजांवर डोकं आपटतो, चोच तुटते, नाकपुड्यांवरची कातडी सोलून निघते, शेपटीची पिसं तुटून खुंट उरतात. पकडताना छातीवर दाब पडला तर तो तिथेच गुदमरतो. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याचा श्वास चालतो. वाटीतली डाळ हे अन्न आहे हे त्याला ओळखता येत नाही, आणि एवढ्या लहान जिवाला एक-दोन दिवसांचा उपासही जीव घ्यायला पुरतो.

त्यातून तो वाचला तरी जोडी जमेलच असं नाही. पोपटांत मादी वरचढ असते. हंगामात ती नराला जवळ येऊ देते, एरवी हुसकावते. रानात नर उडून जातो. पिंजऱ्यात त्याला पळायला जागा नसते, मग मादी त्याच्या पायाची बोटं आणि डोकं फोडते. दोन अनोळखी पोपट एका पिंजऱ्यात कोंबून सकाळी रक्ताने माखलेली बैठकीची काठी बघावी लागते ती यामुळे.

आणखी एक नुकसान कोणाच्या हिशेबात येत नाही. पकडलेला पक्षी हंगामात असेल तर त्याची ढोलीतली चार-सहा पिल्लं किंवा अंडी मागे राहतात. पिल्लं काढण्यासाठी ढोलीचं तोंड कोयत्याने मोठं केलं की ती ढोली कायमची निकामी होते, कारण तोंड मोठं झालं की मुंगूस, मांजर, घोरपड सहज आत शिरतात. मग पिंगळा, मैना, पोपट यांपैकी कोणीच ती पुन्हा धरत नाही.

बाहेरचे पोपट रोज पिंजऱ्याशी येतात. काय करावं?

नराचा खेळ बघितला असेल तर ते का येतात हे कळेल. तो मादीसमोर ताठ चालतो, एक पाय उचलून धरतो, चोचीने चोच घासतो आणि घास भरवतो. मादी पंख सैल सोडून मान मागे टाकते, गोल फिरवते. डिसेंबर ते मार्च हे रोज चालू राहतं. त्या काळात:

- पिंजरा आत घ्या. निदान सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर तो बाहेर नको.
- बाहेर ठेवायचाच असेल तर दुहेरी जाळी लावा आणि दोन जाळ्यांत पाच ते आठ सेंटिमीटर अंतर सोडा, म्हणजे चोचीला चोच भिडत नाही. वर पत्रा किंवा पक्कं छप्पर हवं, नाहीतर वरून विष्ठा आत पडते.
- खाली सांडलेलं धान्य रोज उचला. बाहेरचे पक्षी त्यासाठीच टिकून राहतात.
- गॅलरीत मडकं, लाकडी पेटी, फुटका पाइप असं ढोलीसारखं काही ठेवू नका.
- गच्चीवर पाखरांना दाणे घालत असाल तर घरच्या पोपटाची भांडी, झाडू आणि चप्पल तिथे वापरू नका.

गच्चीवरच्या दाण्यांबद्दल एक सांगायलाच हवं. एका ताटावर शे-दीडशे पोपट रोज एकमेकांच्या विष्ठेत खातात, हे कितीही मंगल दिसलं तरी साथीला आमंत्रण आहे. घालायचेच असतील तर थोडे घाला, जागा बदलत राहा, ताट रोज धुऊन उन्हात वाळवा.

जोडी नसतानाही घरच्या मादीने अंडी घातली. तिला नराची गरज आहे म्हणूनच ना?

नाही. कोंबडीसारखीच पोपटाची मादी नराशिवायही अंडी घालते, ती वांझ असतात. ही अंडी लगेच काढून घेऊ नका. काढली की ती आणखी घालते आणि हाडांतलं कॅल्शियम संपवते. तीन आठवडे तिच्याजवळ राहू द्या, ती स्वतःच कंटाळून उठते.

पुन्हा घालू नये म्हणून अंधाराचे कोपरे आणि कागदाचे बोळे काढा, रात्री बारा तास सलग अंधार आणि शांतता द्या, पाठीवर आणि शेपटीखाली कुरवाळणं बंद करा. सूर्यफुलाच्या बिया कमी करा. शेवग्याची पानं, गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग द्या आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) पिंजऱ्यात अडकवा.

मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसली आहे, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होते आहे आणि ती कुंथते आहे, असं दिसलं तर अंडं अडकलं आहे. तिला ३० अंशांच्या आसपास ऊब द्या आणि काही तासांत पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका. आत अंडं फुटलं तर ती वाचत नाही.

यातून माणसाला काही होऊ शकतं का?

सिटॅकोसिस होऊ शकतो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात गेली की साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, सडकून डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. पुढे न्यूमोनियाही होतो. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लीनने बरा होतो, पण घरात पोपट आहे हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायला हवं, नाहीतर ते नेहमीचा ताप धरून चालतात. गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पिंजरा साफ करू नये.

पिंजरा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं घरगुती ब्लीच मिसळून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्या वेळी पक्षी दुसऱ्या खोलीत हवा. ब्लीचमध्ये फिनेल, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर असलं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सर्कोव्हायरसची शंका असेल तर लाकडी बैठका आणि पेटी धूत बसू नका, टाकून द्या.

मग एकट्या पोपटाचा वेळ कसा जावा?

तो ओरडतो ते बहुतेक वेळा कंटाळ्यापायी. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात वाटी भरलेली असते आणि दहा मिनिटांत पोट भरतं. म्हणून वाटी भरून देण्याऐवजी मक्याचं अख्खं कणीस, शेंगा असलेली डहाळी, पेरूची किंवा कडुलिंबाची ताजी फांदी, कागदात गुंडाळलेले चणे द्या. सोलायला, फाडायला काहीतरी रोज नवं हवं. सकाळी पसरट भांड्यात आंघोळीचं पाणी ठेवा. बैठकीच्या काठ्या वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात. आरसा मात्र काढून टाका, नर त्यालाच घास भरवत बसतो. घरातलं एखादं माणूस दिवसातून दोनदा समोर बसून त्याच्याशी बोललं तर आरडाओरडा बराच कमी होतो.

कायदा काय म्हणतो?

भारतातले सगळे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित आहेत. देशी पक्षी पकडण्यावर आणि विकण्यावर १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि साधा पोपट आता अनुसूची २ मध्ये आहे. पकडणं, सापळा लावणं, अंडी घेणं, घरटं विस्कटणं हे सगळं कायद्याच्या भाषेत ‘शिकार’च आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्यात जातीचं नाव आहे, रंगाचं नाही. त्यामुळे ‘हा निळा आहे, परदेशी आहे’ हे विकणाऱ्याचं म्हणणं तुमचा बचाव ठरेल असं समजू नका.

हे ऐकायला कडू आहे, पण घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा साधा पोपटही याच कायद्यात येतो.

आफ्रिकन ग्रे, मकाव असे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतले परदेशी पोपट पाळत असाल तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली किंवा पक्षी मेला तर तेही कळवावं लागतं. बजी, कॉकटिल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत.

जोडी लागून गेली आहे, पिल्लंही झाली आहेत. आता काय?

आधी आणखी जोड्या थांबवा: पेटी काढा, नर आणि मादी वेगळे करा. अंडी किंवा पिल्लं स्वतः नष्ट करू नका, वाटू नका, विकू नका आणि मुख्य म्हणजे सोडू नका. वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा वनविभागाचा क्रमांक आहे, गोव्यात जवळच्या वनकार्यालयात सांगा. वन्य प्राणी हाती आला तर ४८ तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. दरम्यान या पक्ष्यांना वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर, निदान ४५ दिवस ठेवा. घरात इतर पक्षी असतील तर त्यांचं खाणं-साफसफाई आधी करा आणि या पक्ष्यांची शेवटी. डॉक्टरांकडून पीसीआर, म्हणजे जंतूंचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या. लक्षणं नसलेल्या पक्ष्याची पीबीएफडी तपासणी पॉझिटिव्ह आली तर ९० दिवसांनी ती पुन्हा करतात, कारण काही पक्षी विषाणूला स्वतःच परतवून लावतात.

पिंजरा उघडून सोडून दिला तर पुण्यच ना?

पाच-दहा वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू बारीक झालेले असतात, त्याला वळसा घेऊन उतरताही येत नाही. तो कुठल्यातरी खिडकीत जाऊन माणसाला हाक मारतो, आणि कावळे, मांजर किंवा उपास त्याला गाठतात. तगलाच तर आजार घेऊन थव्यात शिरतो. लंडन आणि दुबईतले आपले लोक ज्या हिरव्या थव्यांकडे बघून गावची आठवण काढतात, ते असेच सुटलेल्या-सोडलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. पक्षी मोकळा व्हावा असं मनापासून वाटत असेल तर तो वनखात्यामार्फत पुनर्वसन केंद्रात द्या. तिथे तपासणी, उडण्याचा सराव आणि सोडण्यायोग्य आहे की नाही याचा निर्णय होतो. काही पक्षी कधीच सोडता येत नाहीत, त्यांना तिथेच सांभाळतात.

पोपट उडून गेला आहे आणि थव्याबरोबर दिसतो. परत कसा आणायचा?

पहिले दोन दिवस महत्त्वाचे. पिंजरा गच्चीवर उघडा ठेवा, आवडीचं खाणं लांबून दिसेल असं लावा, पहाटे आणि सूर्यास्ताच्या आधी रोजच्या शब्दांनी हाक मारा. पाठलाग करू नका, दगड-काठी तर नकोच. जाळं लावलं तर रानातलेच पक्षी अडकतील आणि तो गुन्हा होईल. परत आला तर तो थव्यात जाऊन आला आहे हे लक्षात ठेवून ४५ दिवस इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवा.

वादळात ढोलीतून पोपटाचं पिल्लू पडलंय. घरच्या पोपटाची जोडी म्हणून वाढवावं का?

पिसं नसलेलं किंवा खुंट फुटलेलं पिल्लू असेल आणि ढोली हाताशी असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हा गैरसमज आहे. झाड पडलं असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती फडकं घालून उबेला ठेवा आणि १९२६ वर फोन करा. दूध, भात, पाव देऊ नका. पक्ष्याला दूध पचत नाही आणि पाणी चोचीत ओतलं तर ते फुप्फुसात जातं. पूर्ण पिसं आलेलं, फांदीला लटपटत धरणारं पिल्लू असेल तर त्याला उचलूही नका. आईबाप जवळच्या झाडावर असतात. मांजर-कुत्र्यांना दूर ठेवा आणि तासभर लांबून बघा. बहुतेक वेळा संध्याकाळच्या आत दोघांपैकी एक जण येऊन घास भरवतोच.